मी भाडेकरू नव्हते

१४ मे २०२५ ला दुपारी, मी नुकत्याच सोडलेल्या मुंबईतल्या हॉस्टेलच्या मॅनेजरचा व्हॉट्सॲपवर हिशोब आला. डिपॉझिट २८,०००. त्यातून नोटीस दिली नाही म्हणून एक महिन्याचं भाडं १४,०००, भिंतीचं रंगकाम ६,५००, गादी ४,०००, उशिरा येण्याचा दंड १,५००, स्वच्छता १,०००. एकूण वजा २७,०००. एक हजार रुपये त्याच संध्याकाळी खात्यात जमासुद्धा झाले.

मी तेव्हा लातूर जिल्ह्यात, औशाला घरी होते. आई गच्चीवर कुरडया घालत होती. तिला सांगायला वर गेले आणि न सांगताच खाली आले. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. २०२३ च्या जुलैमध्ये ते अठ्ठावीस हजार त्यांनी पतसंस्थेतून उचलले होते. त्याचे हप्ते कसे फेडले ते मी घरात बघितलं आहे.

मुंबई विद्यापीठात, कलिनाला एमएस्सीला प्रवेश मिळाला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव आलं नाही, म्हणून अंधेरी पूर्वेला, चकाल्याच्या बाजूला हे खासगी हॉस्टेल घेतलं. चार मजली इमारत, एका खोलीत तिघी, दोन वेळचं जेवण. वॉर्डनकाकूंनी पहिल्या दिवशी आधारची झेरॉक्स घेतली आणि टॅबलेटवर बोटाने सही करायला सांगितली. स्क्रीन वर सरकवत होते तर म्हणाल्या, "अगं, सगळ्या मुली करतात, काही नसतं त्यात." मागे अजून दोघी बॅगा घेऊन उभ्या होत्या, बाबांना रात्रीची गाडी पकडायची होती. मी सही केली. त्याची प्रत मागायची असते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आत शिरल्या शिरल्या जिन्यापाशी नियमांचा लॅमिनेट केलेला कागद लावला होता. गेट टाइम रात्री दहा. उशीर झाल्यास पाचशे रुपये दंड. इंडक्शन शेगडी, इस्त्री, केटल बंद. पाहुणे फक्त खाली, रविवारी चार ते सहा. नाइट आउटसाठी पालकांचा फोन. शेवटची ओळ होती, 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.' दोन वर्षं मी तो कागद कायद्यासारखा पाळला. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला याच मालकांचं मुलांचं हॉस्टेल आहे, तिथे गेट टाइम नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी कुणी विचारत नव्हतं. काकू मास्टर चावीने दार उघडून थेट आत यायच्या, कधी मागे इलेक्ट्रिशियन असायचा. आम्ही दाराच्या आतून ओढणीची गाठ बांधून ठेवायला शिकलो. ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

२५ सप्टेंबर २०२४ ची रात्र मात्र मी सोडून देऊ शकले नाही. मुलुंडला एका लॅबमध्ये इंटर्नशिप करत होते. त्या संध्याकाळी जो पाऊस कोसळला तो मुंबईत राहणाऱ्या कुणालाही आठवत असेल, दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेजांना सुट्टी द्यावी लागली होती. मध्य रेल्वेच्या गाड्या रखडल्या. मी डब्यातून उतरून, मिळेल तिथे चालत, मिळेल तिथे रिक्षा करत घाटकोपर गाठलं आणि मेट्रोने चकाल्याला उतरले. गेटशी आले तेव्हा दहा पन्नास झाले होते. वॉचमन म्हणाला, चावी मॅडमकडे आहे. मॅडम फोन उचलेनात. पाणी घोट्याच्या वर होतं. पाऊण तास मी त्या गेटच्या पत्र्याला धरून उभी होते. बॅगेत लॅबची वही होती, ती कुडत्याच्या आत पोटाशी धरली होती. शेवटी माझी रूममेट खिडकीतून ओरडली, "काकू, आता मी १०३ ला फोन लावतेय." १०३ ही मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन. दोन मिनिटांत गेट उघडलं. आत घेताना काकू पहिलं वाक्य बोलल्या ते हे, की बाबांना फोन लाव, त्यांनी सांगू दे तू कुठे होतीस.

काकूंवर माझा राग नाही. बारा-तेरा हजारांवर राबणारी बाई. एक मुलगी उशिरा आत घेतली तर मॅनेजर तिचा पगार कापतो, हे तिनेच नंतर रडत सांगितलं.

तेव्हापासून आता बाहेर पडायचं हे मनात पक्कं होतं. २ एप्रिलला मी मॅनेजरला व्हॉट्सॲपवर स्वच्छ लिहिलं, "१० मे रोजी मी खोली सोडणार आहे, कृपया नोंद घ्यावी." निळ्या टिका आल्या. उत्तर 'ओके नोटेड'. आणि हिशोबात म्हणे नोटीसच दिली नाही, कारण ती त्यांच्या ॲपमधून द्यायला हवी होती.

त्या रात्री मी फोनवर कायदा शोधायला बसले. माझ्या डोक्यात गणित सरळ होतं, भाडं देते म्हणजे भाडेकरू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सापडला. त्यात पाणी-वीज तोडायला मनाई करणारं कलम २९ आणि करारनाम्याची नोंदणी मालकाने करायची असं सांगणारं कलम ५५ वाचून मला इतकं बळ आलं की पहाटेपर्यंत दोन पानी पत्र लिहून काढलं. 'मी आपली भाडेकरू या नात्याने' अशी सुरुवात होती.

पत्र पाठवायच्या आधी कुणाला तरी दाखवायचं म्हणून रूममेटने विधी सेवा प्राधिकरणाचा रस्ता दाखवला. ती लॉ करते, चिपळूणची आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. हे मला तेविसाव्या वर्षी कळलं. १५१०० हा त्यांचा देशभराचा नंबर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबईला येऊन वांद्र्याला त्यांच्या कार्यालयात गेले. बाकावर तासभर बसल्यावर नंबर आला. वकीलबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी माझं पत्र वाचलं, निळ्या पेनने 'भाडेकरू' शब्दाभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "हा शब्द आधी काढ. समोरचा वकील पहिल्याच ओळीला तुझं पत्र बाजूला ठेवेल."

मग त्यांनी समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं. खोलीचा ताबा माझ्याकडे कधीच नव्हता. चावी त्यांच्याकडे, शेजारच्या कॉटवर कोण येणार ते ते ठरवणार, मला वरच्या मजल्यावर हलवायचं तर हलवणार. म्हणजे भाडेकरू नाही. मग लिव्ह अँड लायसन्सवाली, म्हणजे मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदतीच्या करारावर राहणारी? तेही नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७ मध्ये लायसन्सधारकाची जी व्याख्या आहे, तिच्यातून पेइंग गेस्ट आणि हॉस्टेल, लॉज, गेस्ट हाउसमध्ये राहणारी माणसं सरळ वगळलेली आहेत. दोन पानी पत्रातलं माझं एकेक कलम गळून पडत होतं. रडू येत होतं. मी विचारलं, "मग मॅडम, मी आहे कोण?"

"तू ग्राहक आहेस," त्या म्हणाल्या. "आणि तुझ्या कामाला ते जास्त सोयीचं आहे."

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यातल्या कलम २(४२) मध्ये 'सेवा' कशाला म्हणायचं ते दिलं आहे, बँक, विमा, वाहतूक यांच्या सोबत तिथे राहण्याची आणि जेवणाची सोय असे शब्द आहेत. पैसे घेऊन कॉट आणि डबा देणारा हा सेवा देणारा, आणि मी ती विकत घेणारी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते, म्हणजे वेळ आली असती तर मी लातूरहूनसुद्धा करू शकले असते. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. मुंबईत शिकून गावी परतलेल्या मुली डिपॉझिट सोडून देतात ते याच भीतीने, की दर तारखेला तिकीट काढून यावं लागेल.

इथे एक सांगायलाच हवं. माझ्या दोन मैत्रिणी मरोळला फ्लॅट घेऊन राहतात, मालकाशी थेट लिव्ह अँड लायसन्स करार करून. त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचा करार नोंदवावाच लागतो. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार, आणि नोंदवला नाही तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. त्यामुळे आधी आपण कुठल्या कागदावर राहतोय ते बघा. मी ते बघितलं नव्हतं.

वकीलबाईंनी पुढे माझा हिशोब एकेक ओळ करून घेतला. प्रत्येक ओळीला त्यांचे प्रश्न तेच. हे कुठे लिहिलंय? पैसे भरण्याआधी तुला दाखवलं होतं? आणि त्यांचं खरंच तेवढं नुकसान झालं का? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ७४ म्हणतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही वरची मर्यादा. "नियम म्हणजे कायदा नाही," त्या म्हणाल्या, "पण नियम म्हणजे कचराही नाही. तू मान्य केलेला आणि वाजवी असेल तो तुला पाळावा लागेल."

गेट टाइमचंही विचारलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. पण ते उच्च शिक्षण संस्थांना लागू. खासगी हॉस्टेलला नाही. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. मुंबईत खासगी हॉस्टेलात आणि पीजीत किती मुली राहतात, आणि त्यांच्यासाठी ते वाक्य नाहीच.

मी आधी मेल करून त्या टॅबलेटवरच्या ॲग्रीमेंटची प्रत मागवली. चार दिवसांनी सहा पानांची पीडीएफ आली. दोन वर्षांनी पहिल्यांदा वाचली. नोटीस 'एक महिना आधी लेखी', एवढंच. ॲपचं नाव कुठेही नाही. २ एप्रिल ते १० मे म्हणजे महिन्याहून जास्त, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलेलं हे लिहिलेलंच. चौदा हजारांची ओळ तिथेच पडली. पण बाहेर पडताना स्वच्छता शुल्क एक हजार, हे त्यात लिहिलेलं होतं. ते मी मान्य केलं. दंडाच्या दीड हजारांतल्या दोन रात्री खऱ्या होत्या, एकदा मैत्रिणीचा वाढदिवस आणि एकदा सिनेमा. बोर्ड मी पहिल्या दिवशी वाचला होता, तेही मान्य. पावसाच्या रात्रीचे पाचशे नाही म्हणजे नाही. गादीचं कव्हर माझ्या ट्रंकेच्या कडीने फाटलं होतं. नवीन कव्हर बाजारात नऊशेला मिळतं, तेवढं मी देणं लागत होते. चार हजार नाही.

राहिली भिंत. माझ्या कॉटच्या डोक्याशी ओल होती. बाहेरून सांडपाण्याचा पाइप जातो, त्याच्या सांध्यातून झिरपायचं. हाताच्या पंजापेक्षा मोठा डाग, कडेने पिवळा, मध्ये रंगाचे पोपडे. बोट लावलं की चुना नखात यायचा. पावसाळ्यात उशी खालच्या बाजूला घेऊन झोपायचे. हा डाग माझ्या आधीपासूनचा, पण सिद्ध कसा करणार? माझा जुना फोन केव्हाच बदलला होता. आणि मग आठवलं, पहिल्या रात्री मी आईला अंथरूण घातलेल्या कॉटचा फोटो पाठवला होता. आई फोनमधलं काही म्हणजे काही काढून टाकत नाही. मावशीने पाठवलेल्या सकाळच्या फुलांमधून ती मागे मागे सरकत गेली आणि सापडला. ९ जुलै २०२३, रात्री नऊ बावीस. निळी चादर, उशीवर माझी ओढणी, आणि वर तो डाग. खाली आईचं उत्तर, "भिंतीला ओल आहे का ग? कॉट जरा पुढे ओढ."

वकीलबाई म्हणाल्या, आईचा फोन जपून ठेवा, बदलू नका, मूळ चॅट त्यात हवी.

त्याच आठवड्यात माझ्या कॉटवर आलेल्या नव्या मुलीचा नंबर रूममेटकडून मिळाला. बीडची आहे. तिला म्हटलं, तुझ्या डोक्याशी भिंत कशी आहे तेवढा फोटो पाठवशील? तिने पाठवला. डाग जसाच्या तसा. माझ्याकडून रंगकामाचे साडेसहा हजार कापले होते आणि भिंतीला ब्रशसुद्धा लागला नव्हता.

जीएसटीचं मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं. वकीलबाईंनी दरमहाची बिलं चाळता चाळता विचारलं, "हे बारा टक्के कसले?" भाडं १४,०००, त्यावर १,६८०, दर महिन्याला. मला वाटायचं, कर आहे, भरायचा. १५ जुलै २०२४ पासून हॉस्टेलसारख्या निवासाला, माणशी महिना वीस हजारांपर्यंत भाडं असेल आणि सलग किमान नव्वद दिवस राहायचं असेल तर, जीएसटी माफ आहे. आधीच्या जूनमधल्या जीएसटी परिषदेत तसं ठरलं होतं. त्यानंतरही आमच्या बिलावर तो येतच राहिला. ऑगस्ट २०२४ ते एप्रिल २०२५, नऊ महिने, १५,१२०. तीन महिन्यांच्या माझ्या बसभाड्यासाठी मी घरून पैसे मागायला लाजत होते आणि इकडे हे जात होते.

नवं पत्र एका पानाचं झालं. 'मी आपल्या सेवेची ग्राहक' अशी सुरुवात. डिपॉझिट २८,०००, मला मान्य वजावट २,९००, मिळालेले १,०००, येणे २४,१००. जीएसटीचे १५,१२० वेगळे. पंधरा दिवसांची मुदत. सोबत दोन्ही फोटो, नोटिशीच्या मेसेजची प्रत, पीडीएफचं ते पान. अंधेरीच्या पोस्टातून रजिस्टर एडीने पाठवलं. आठ दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं, त्यावर हॉस्टेलचा गोल शिक्का आणि वाकडी सही. ते कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन. आवाज एकदम गोड. "बेटा, घरचा मामला आहे, बारा हजार पाठवतो, विषय संपव." माझा हात थरथरत होता. मी एवढंच म्हटलं, "सर, जे काय असेल ते लेखी पाठवा." त्यांनी फोन ठेवला. मग चार दिवस काहीच नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मराठीत बोलता आलं, नोंद क्रमांक मिळाला. त्या तक्रारीमुळे की पत्रामुळे माहीत नाही, मुदत संपायच्या दोन दिवस आधी मेल आला. डिपॉझिटची थकबाकी देऊ, जीएसटी शासनाकडे भरलाय, तो देता येणार नाही. २७ जूनला २४,१०० जमा झाले. मी ते लगेच बाबांच्या खात्यावर वळवले. रात्री ड्युटीवरून आल्यावर त्यांनी फोन केला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "वांद्र्याच्या त्या बाईंनी फी किती घेतली?" काहीच नाही म्हटल्यावर म्हणाले, "त्यांना आपल्याकडची तूरडाळ घेऊन जा." बाईंनी ती घेतली नाही.

जीएसटी मी सोडलेला नाही. शासनाकडे भरला असेल तर चलन दाखवा असं लिहिलं, दोनदा. दाखवलेलं नाही. एकसारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. आम्ही सहाजणी झालो आहोत. बीडची मुलगी त्यात नाही, तिच्या बिलावर जुलैपासून ती ओळच येत नाही. बाकीच्यांची बिलं गोळा करतेय. दोघींनी जुनी बिलं डिलीट केली होती, त्यांना मेलमध्ये शोधायला बसवलंय. एकीची फेब्रुवारी आणि मार्चची अजून सापडायची आहेत.